सहाव्या महिन्यातला सोबती



मोटार अपघातात कोणाचा पाय मोडला की पहिल्या आठवड्यात आपण सगळे धावून जातो. कोणी जेवणाचा डबा नेतो, कोणी उशाशी बसून रोझरी म्हणतो. मग टाके निघतात, माणूस घरी येतो आणि आपल्याला वाटते, 'चला, बरा झाला!' पण मोडलेली नडगी जुळून यायला बहुधा चार ते सहा महिने लागतात, कधी त्याहूनही अधिक. वाळलेल्या स्नायूंत बळ यायला आणखी काळ जातो. मनाची जखम तर एक्स-रेमध्ये दिसतच नाही. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला की छातीत धस्स होते, पुन्हा गाडीत बसवत नाही, 'घरच्यांना भार झालो' हा विचार रात्री झोपू देत नाही. नेमके तेव्हा दार वाजत नाही. यात आम्ही धर्मगुरूही चुकतो, हे कबूल केले पाहिजे.

संत इग्नेशियस लोयोला आठवा. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवले. काही महिने ते अंथरुणाला खिळून होते. घरच्यांनी ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती दिली आणि तिथेच त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पाय मात्र आखूडच राहिला. ते जन्मभर लंगडत चालले, पण प्रभूच्या वाटेवर चालले.

म्हणून दुखणेकऱ्याला 'देवाची इच्छा' एवढेच सांगून आपण मोकळे होऊ नये. 'श्रद्धा कमी पडली, म्हणून बरा होत नाहीस' असे तर कधीच म्हणू नये. डॉक्टरांनी सांगितलेला रोजचा व्यायाम देवाला अर्पण केला तर तीही प्रार्थनाच होय. मनावरचा भार समुपदेशकाकडे उतरवणे यातही कमीपणा नाही.

पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी खाटेसह येशूपुढे नेले. त्या चौघांची श्रद्धा प्रभूने पाहिली. आपल्या धर्मग्रामातही अशी खाट कोणाच्या तरी घरी आहे. या आठवड्यात तिथे जाऊ या. 'कधी बरा होणार?' असे न विचारता 'चल, अंगणात दहा पावले सोबत टाकू' असे म्हणू या. रविवारी मिस्साला त्याला हात धरून आणू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू