माल खराब निघाला तर साधकाने गप्प बसावं का?

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या दोन-तीन गुरुवारी आरतीनंतर, आणि मग गटावरही, एकच विषय निघतोय. विकत घेतलेली वस्तू खराब निघाली तर उपासना करणाऱ्या माणसाने दुकानात जाऊन भांडावं का? की "जाऊ दे, आपलं प्रारब्ध" म्हणून सोडून द्यावं? आमच्या इंदूर-देवासच्या ताया एका बाजूला आणि वडोदऱ्याच्या गटातले दोघे-तिघे काका दुसऱ्या बाजूला. काकांचं म्हणणं असं की चार पैशांसाठी मन गढूळ कशाला करायचं. मग जपाला बसलं की तोच दुकानदार डोळ्यासमोर येतो. यात तथ्य नाही असं नाही. तरी आम्हा सेवेकरी भगिनींना यावर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं.

विषय निघाला तो मिक्सरवरून. आपल्यातल्या एका ताईंनी आपल्यातल्याच एका दुकानदार बंधूंकडून मिक्सर घेतला. आठ दिवसांत त्याच्या बॉडीला करंट येऊ लागला. ओल्या हाताने भांडं काढायला गेलं की झिणझिण्या. ताईंनी मिक्सर खोक्यात घालून माळ्यावर टाकला आणि पुन्हा पाटा-वरवंटा काढला. दुकानात गेल्या नाहीत, कारण बंधू आरतीला दोन ओळी पुढे बसतात, त्यांच्या आईच्या हातचा शिरा आपण सगळे प्रसाद म्हणून खातो. महिन्याभराने ताईंच्या शेजारच्या सूनबाईंनी, "ताईंनी तिथूनच घेतलाय ना" म्हणून, तोच मिक्सर त्याच दुकानातून आणला. त्या सहा महिन्यांच्या गरोदर. त्यांना बसलेला झटका झिणझिण्यांवर थांबला नाही. तोल जाऊन पडल्या, रात्रभर दवाखान्यात ठेवावं लागलं. आई आणि बाळ सुखरूप आहेत, सद्गुरुकृपा.

ताईंना बोल लावायला हे लिहीत नाही. हे लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे. त्या गप्प बसल्या त्या मनात क्षमा धरूनच. पण ती क्षमा होती का, हाच खरा प्रश्न आहे.

आमचं म्हणणं एवढंच की जे आपलं आहे ते आपल्याला सोडता येतं. ताईंचे साडेतीन हजार रुपये ताईंचे होते, त्यांवर पाणी सोडायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. पण शेजारच्या सूनबाईंना बसणारा झटका ताईंच्या मालकीचा नव्हता. तो त्या माफ कशा करणार? तुकाराम महाराजांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण त्यागाचं उदाहरण म्हणून नेहमी सांगतो. पण महाराजांच्या चरित्रात त्याआधीची एक बारीकशी गोष्ट येते, ती सांगताना गळते. महाराजांनी आधी खतांची वाटणी केली. धाकटे भाऊ कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त स्वतःच्या वाट्याची खतं नदीत सोडली. सगळीच बुडवली असती तरी लोकांनी धन्य धन्य म्हटलं असतं, पण भावाच्या घरात काय झालं असतं? एवढ्या मोठ्या वैराग्यातसुद्धा हा हिशेब त्यांनी चुकवला नाही.

प्रारब्धाचं म्हणाल तर, ताप आला की आपण प्रारब्ध म्हणून पडून राहत नाही, डॉक्टरकडे जातो. नळ गळायला लागला की प्लंबरला फोन करतो. मग दुकानाच्या पायरीवरच प्रारब्ध का आठवतं? आम्हाला वाटतं, तिथे वैराग्य कमी आणि संकोच जास्त असतो. "वाईट दिसेल" ही भीती. आणि ती आम्हा बायकांना जास्त. घरातल्या पुरुषाने विचारलं तर तो व्यवहारी, बाईने विचारलं की ती कटकटी!

तर पुढे काय झालं ते सांगतो. दवाखान्याची बातमी कळल्यावर आम्ही दोघी आणि एक वडीलधारे काका दुकानात गेलो. बंधू आधी म्हणाले, तुमच्या घरातलं अर्थिंग नीट नसेल. हे अगदीच चुकीचं नव्हतं, जुन्या घरांत तसं असतंही. म्हणून इलेक्ट्रिशियनला दोन्ही घरी नेलं. अर्थिंग ठीक होतं, दोष मिक्सरमध्येच होता. मग म्हणाले, माल कंपनीचा आहे, मी काय करणार? पण कायदा तसं म्हणत नाही. ज्याने पैसे घेतले त्याच्याविरुद्धही तक्रार होते आणि बनवणाऱ्याविरुद्धही. शेवटी बंधूंनी दोन्ही मिक्सर परत घेतले, पैसे दिले, आणि त्या खेपेतले बाकीचे मिक्सर कोणाकोणाला गेले ते शोधायला बसले. तेव्हा कळलं की अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकांना कच्ची चिठ्ठीच दिलेली होती. नाव नाही, नंबर नाही. "पक्कं बिल नको, थोडं कमी करा" असं गिऱ्हाइकांनीच म्हटलेलं. चारशे-पाचशे रुपये वाचवले खरे, पण आता त्यांच्या ओट्यावर काय ठेवलंय हे त्यांना सांगायला कोणाकडे पत्ताच नाही.

म्हणून कायद्याबद्दल जे नक्की माहीत आहे तेवढं लिहितो. १९८६चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्याला ऐकून माहीत असतो. त्याच्या जागी २०१९चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला चालत नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिल न देणं हीसुद्धा. तोडगा निघाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथेच होते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, मात्र दोन वर्षांच्या आत करायला हवी. आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सगळ्यात उपयोगाची गोष्ट निराळीच आहे. आपली लग्नाची खरेदी पुण्यात किंवा कोल्हापुरात आणि संसार इंदूर, ग्वाल्हेर नाहीतर हैदराबादला. आधीच्या कायद्यात साधारणपणे विकणारा जिथे किंवा व्यवहार जिथे झाला तिथे तक्रार करावी लागे, म्हणजे पैठणीपेक्षा गाडीभाडंच जास्त. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

माल परत करणं ही परदेशातून आलेली पद्धत आहे, असंही एका काकांनी लिहिलं होतं. त्यांनी याज्ञवल्क्य स्मृती बघावी. तिच्यात विकत घेतलेल्या गोष्टी पारखायच्या मुदती दिलेल्या आहेत. बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १ दिवस, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७, दुभत्या जनावराला ३. बी उगवतंय की नाही हे कळायला दहा दिवस लागणारच, आणि म्हैस लाथ मारते का हे तिसऱ्या दिवशीपर्यंत कळतंच. किती बारीक विचार केलाय बघा!

आता दुसरी बाजू, जी गटावर कोणी काढली नाही. ऑनलाइन मागवलेली साडी हळदीकुंकवाला नेसायची, फोटो काढायचे, आणि "रंग वेगळा निघाला" म्हणून परत पाठवायची, हे आपल्या घरांतही चालतं. नणंदेला काठ आवडले नाहीत हा साडीचा दोष नव्हे. परत घेण्याची सोय विकणाऱ्याने दिली असेल तर जरूर वापरावी, पण खोटं कारण लिहून नाही. एकनाथ महाराज जनार्दनस्वामींकडे हिशेब ठेवत असताना एक पै लागेना म्हणून रात्रभर वह्या घेऊन बसले होते, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती पै जमेची असो की खर्चाची, त्यांना सारखीच बोचत होती. तक्रार लिहितानाही तसंच लिहावं. जेवढं झालं तेवढंच, "घर जळता जळता वाचलं" वगैरे नको. आणि आधी दुकानात जावं, समोरासमोर बोलावं. दुकानाच्या पाटीचा फोटो काढून पहिल्यांदा गटावर टाकणं आम्हाला मुळीच पसंत नाही. शंभर घरांत नाव खराब व्हायला एक मिनिट लागतं, आणि समोरच्याला अजून काही विचारलेलंही नसतं.

राहिला प्रश्न घरगुती माल करणाऱ्या आपल्या भगिनींचा. आम्हाला हाच सगळ्यात अवघड वाटतो. एक जण भाजणी, मसाले, पापड करून मुलीचं शिक्षण करतेय. मागच्या खेपेला तिच्या चकल्यांना जुन्या तेलाचा वास होता. चौघींनी घेतल्या होत्या आणि चौघींनी ठरवलं की काही बोलायचं नाही, बिचारी कष्ट करते. मिक्सरचं झाल्यावर आम्हाला ते पटेना. पैसे सोडायचे तर सोडावेत, पण सांगितल्याशिवाय तिला कळणार कसं? पुढची मोठी ऑर्डर तिला बाहेरची मिळाली असती तर तिथे कोणी बिचारी म्हणणार नव्हतं. आम्ही एक जणच तिच्या घरी गेलो, चहा घेतला आणि सांगितलं. तिला वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. तेलाचा डबा उघडून दाखवला, खरोखरच खवट होता, घाऊक दुकानातून तसाच आलेला. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन ती स्वतः त्या दुकानात गेली आणि बदलून आणला. चौघींचे पैसेही तिने परत पाठवले. आम्ही नको म्हटलं तर म्हणाली, "ताई, नाही घेतलेत तर पुढच्या वेळी माझ्याकडून घ्यायला तुम्हालाच अवघड वाटेल." घेतले.

तिची दिवाळीची यादी सुरू झाली आहे. ज्यांना भाजणी हवी असेल त्यांनी कोजागिरीच्या आत नाव द्यावं. बिल मिळेल.