मिरवणूक त्यांची, झाडू आपला

विजयोत्सवाचा हिशेब मागणारे लोक मुळातच कद्रू असतात, अशा आशयाचा लेख आमच्या एका अर्थशास्त्री मित्राने मध्यंतरी लिहिला. नाव घेत नाही. घेतलं तर पुढच्या दिवाळीला त्यांना आयता विषय मिळेल. त्यांचं म्हणणं दोन कलमी आहे. एक : शहर जल्लोष करतं तेव्हा हॉटेलं चालतात, टॅक्सी धावतात, वडापाव संपतो, त्यामुळे बंदोबस्त आणि साफसफाई यांवर झालेला खर्च करांच्या वाटेने परत येतोच. दोन : अशा दिवशी दारूची दुकानं बंद ठेवायला लावणं हा सरकारचा सोवळेपणा आहे आणि तो आता सुटला पाहिजे. यातलं पहिलं मला साफ चूक वाटतं आणि दुसरं जवळजवळ बरोबर. गंमत अशी की दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो या गृहस्थांच्या लेखात एकदाही आलेला नाही. पैसे कोणत्या तिजोरीत जमा होतात आणि खर्च कोणत्या तिजोरीतून होतो?

4 जुलै 2024 ची संध्याकाळ आठवा. ट्वेन्टी-20 विश्वचषक जिंकलेला संघ उघड्या बसमधून एनसीपीएपासून वानखेडेकडे निघाला आणि मरीन ड्राइव्हवर मुंगीला वाट मिळेना. लोक आनंदात होते, त्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. महापालिकेचे सफाई कामगार मात्र रात्रभर राबले आणि त्यांनी अकरा हजार किलोहून अधिक कचरा उचलला. त्यात चपला-बुटांचा ढीग वेगळा होता. दुसऱ्या दिवशी विधान भवनात मुंबईकर खेळाडूंचा सत्कार झाला आणि संघाला राज्याकडून 11 कोटी रुपये जाहीर झाले. क्रिकेट मंडळाने स्वतः 125 कोटी आधीच जाहीर केले होते. विरोधकांनी विचारलं, हे 11 कोटी राज्याच्या तिजोरीतून कशाला? प्रश्न रास्त होता, पण झाडूच्या खर्चाबद्दल विरोधकांनीही विचारलं नाही. बक्षिसाच्या रकमेची बातमी होते, झाडूची होत नाही.

त्याआधी वर्षभर, जून 2023 मध्ये, राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क घटवलं होतं, आणि ते थेट 2011 पासून, पूर्वलक्षी प्रभावाने. माहिती अधिकारातले कार्यकर्ते अनिल गलगली जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. मुंबईतल्या थकबाकीचा आकडा होता 14 कोटी 82 लाख. झोपडपट्टीतल्या लोकांचीही पाणीपट्टी वाढवणारं सरकार जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला सवलत कशी देतं, अशा अर्थाचा सवाल तेव्हा न्यायालयाने केला. आमचे अर्थशास्त्री मित्र याला ‘गुंतवणूक’ म्हणतील. बारा वर्षं मागे जाऊन केलेली गुंतवणूक मी तरी प्रथमच पाहतो आहे.

आता मला एका माणसाबद्दल सविस्तर लिहायचं आहे. या वादात त्याला कुणी बोलावत नाही. जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. त्यांच्या चरित्रांत हा भाग दोन-चार पानांत उरकला जातो, कारण नळ, गटारं आणि दिवाबत्तीत नाट्य नसतं. पण फुले कंत्राटदार होते. बांधकामात एका रुपयातला किती भाग भिंतीत जातो आणि किती वाटेत झिरपतो, हे त्यांना पाठ होतं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त नगरपालिकेने हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. फुल्यांनी विरोध केला आणि हे पैसे गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं सुचवलं. बत्तीस नियुक्त सदस्यांपैकी विरोधात मत देणारे ते एकटेच होते. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला.

हा प्रसंग सांगून लोक सहसा फुल्यांच्या बाणेदारपणाचं कौतुक करतात आणि थांबतात. मला त्यातला हिशेब जास्त मोलाचा वाटतो. समारंभाचं फुल्यांना वावडं नव्हतं. 1888 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली, तेव्हा फुले शेतकऱ्याच्या वेशात तिथे हजर होते आणि खऱ्या हिंदुस्थानाबद्दल चार शब्द सुनावूनही आले. यजमानाने स्वतःच्या खिशातून दिलेल्या मेजवानीला जायला त्यांची हरकत नव्हती. पुणेकरांच्या पट्टीतून उभारलेल्या स्वागताला होती. ज्याला लाटसाहेबांपुढे मिरवायचं आहे त्याने आपल्या पैशाने मिरवावं, इतकी ती साधी गोष्ट आहे.

आणि याच फुल्यांनी जुलै 1880 मध्ये नगरपालिकेला दारूच्या दुकानांबद्दल पत्र लिहिलं. शहराच्या वस्तीत गुत्ते वाढलेत, संसार बुडताहेत, ही तक्रार तर त्यात होतीच. पण त्यांचा मुद्दा नीतीवर थांबला नाही. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका निरीक्षक नेमते, पैसा ओतते, आणि त्याच आरोग्याची वाट लावणाऱ्या दुकानांकडून तिला काय मिळतं? या दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा, अशी त्यांची दिशा होती. अबकारी सरकारच्या तिजोरीत जात होती, निस्तरण्याचा खर्च मात्र शहरावर पडत होता. स्वागताचे हजार रुपये आणि गुत्त्यांवरचा कर हे दोन वेगळे विषय आहेत असं फुल्यांना वाटलं असेल, असं मला वाटत नाही. दोन्हीकडे लाभ एकाचा आणि पावती दुसऱ्याच्या नावाची होती.

दीडशे वर्षं होत आली. जून 2025 मध्ये राज्याने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. विविध वाढी मिळून वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळतील, असा अंदाज सांगितला गेला. हे पैसे राज्याचे. रात्री दोन वाजता डोकं फुटून केईएममध्ये येणारा माणूस महापालिकेचा. त्याला उचलून आणणारा हवालदार पुन्हा राज्याचा, पण त्याच्या बंदोबस्ताचं शुल्क राज्याने आधीच घटवलेलं. ही व्यवस्था कुणी मुद्दाम रचली असती तरी इतकी चपखल बसली नसती.

मग उत्तर काय? बरीच वर्षं माझं उत्तर ब्रेमेनचं होतं. जर्मनीतल्या या छोट्या राज्याने 2014 मध्ये कायदा केला : नफ्यासाठी भरवलेला, पाच हजारांहून जास्त माणसांचा कार्यक्रम असेल आणि पूर्वानुभवावरून हिंसाचाराची शक्यता असेल, तर जादा पोलिसांचा खर्च आयोजकाने द्यायचा. एप्रिल 2015 मधल्या वेर्डर ब्रेमेन-हॅम्बुर्ग सामन्याचं चार लाख युरोंच्या घरातलं बिल थेट फुटबॉल लीगला गेलं. लीग भांडत भांडत घटनात्मक न्यायालयापर्यंत पोचली आणि 14 जानेवारी 2025 रोजी तिथे हरली. पोलीस फुकटच मिळाले पाहिजेत आणि त्यांचा खर्च करातूनच भागला पाहिजे, असं राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही, असं न्यायालयाने बजावलं. इंग्लंडमध्ये 2013 मध्ये उलटं झालं होतं. लीड्स युनायटेडच्या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलं की मैदानाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरचे पोलीस हे सर्वांसाठीचे पोलीस, त्यांचं बिल क्लबला लावता येणार नाही. मला ब्रेमेन पटत होतं. ज्याच्यामुळे गर्दी झाली त्याने पैसे भरावेत, विषय संपला.

विषय संपत नाही. ब्रेमेनचा नियम उद्या जसाच्या तसा इथे आणला तर पहिलं बिल कुणाला जाईल? क्रिकेट मंडळाला नक्कीच नाही. ‘पूर्वानुभवावरून गडबडीची शक्यता’ कोणत्या गर्दीत आहे हे ठरवणार पोलीस ठाणं, आणि आपल्याकडे ठाण्याच्या वहीत कोणत्या वस्त्यांची नावं आधीपासून असतात हे वाचकांना सांगायला नको. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. त्यांच्यासाठी शिवाजी पार्कात मांडव, पाणी, शौचालयं यांचा खर्च महापालिका करते, आणि केलाच पाहिजे. गर्दी जमवली म्हणून बिल, असा नियम झाला की रस्त्यावर उतरण्याचा हक्क पैसेवाल्यांचा होतो. मोर्चा काढणाऱ्या गिरणी कामगारांना बंदोबस्ताची पावती हातात दिली असती तर या राज्याचा निम्मा इतिहास घडलाच नसता. म्हणून ब्रेमेनचं अर्धंच घेतो. कायद्यातलं ‘नफ्यासाठी’ हे कलम ठेवतो, ‘शक्यता’ सोडून देतो. गर्दी किती आणि कुणाची हे बघायचंच नाही. ती गर्दी कुणी विकली तेवढं बघायचं.

यावर मित्रवर्य म्हणतील, विजययात्रेला तिकीट कुठे होतं? वानखेडेत त्या दिवशी प्रवेश फुकट होता. खरं आहे. बंगळुरूतही तिकीट नव्हतं. 3 जून 2025 ला रॉयल चॅलेंजर्सनी अहमदाबादला पंजाबला सहा धावांनी हरवून पहिल्यांदा आयपीएल जिंकली. दुसऱ्याच दिवशी विधानसौधाच्या पायऱ्यांवर सरकारी सत्कार झाला, आणि पस्तीसेक हजारांच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर लोटलेल्या गर्दीत अकरा माणसं चेंगरून मेली. आधी पोलीस आयुक्त निलंबित झाले. मग केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने सांगितलं की प्रथमदर्शनी जबाबदारी संघाची दिसते, पोलिसांची परवानगी न घेता समाजमाध्यमांवरून लोकांना बोलावलं गेलं, आणि पोलीसही माणसंच आहेत. फुकट बोलावलेली गर्दीही विकली जात असते. ती संघाच्या जर्सीवर, पुढच्या हंगामाच्या जाहिरातदारांना विकली जाते. आणि या संघाचं नाव तर एका व्हिस्कीवरून ठेवलेलं! विजय मल्ल्यांनी 2008 मध्ये तो 11 कोटी 16 लाख डॉलरना घेतला आणि आपल्या रॉयल चॅलेंजचं नाव दिलं. दारूची जाहिरात करायला या देशात बंदी आहे. दारूचं नाव घेऊन संघ काढायला, तो जिंकल्यावर मुख्यमंत्र्यांच्या हस्ते सत्कार करून घ्यायला बंदी नाही.

इथून दारूबंदीच्या दिवसांकडे येतो. एका दिवसासाठी दुकानं बंद करणं हा सरकारच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त बंदोबस्त आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा एक आदेश निघतो, जादा पोलीस लागत नाहीत. खर्च होतोच, फक्त तो परमिट रूमचा मालक आणि पगारापेक्षा टिपांवर जगणारा वेटर यांच्या खिशातून होतो. परवान्याचं शुल्क वर्षाचं भरलेलं असतं, बंदीच्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत. 2024 च्या लोकसभा मतमोजणीला मुंबईत दिवसभराची बंदी होती. ‘आहार’ ही हॉटेलचालकांची संघटना उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे निकालानंतर विक्रीला मुभा मिळाली. पिणाऱ्याचं काय बिघडतं? तो आदल्या दिवशी साठा करतो. एक दिवसाचा परवाना विदेशीला पाच रुपये, देशीला दोन, आणि तोही कुणी मागत नाही.

इंग्रजांनी 1985 मध्ये फुटबॉल मैदानात सामना दिसेल अशा जागी पिण्यावर बंदी आणली. ती फुटबॉललाच, क्रिकेटला नाही. लॉर्ड्सवरचे सद्गृहस्थ प्याले हातात धरून सामना बघत राहिले. बंदी कुणावर पडते यावरून ती कुणाला घाबरून आणली हे कळतं. त्यामुळे दुसऱ्या कलमात मी मित्रवर्यांच्या बाजूने आहे. ‘जवळजवळ’ म्हणालो ते एवढ्यासाठी की विसर्जनाच्या रात्री दुकान बंद असावं असं ज्या बाईला वाटतं, तिला सोवळी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या घरातला खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. तिच्यासाठी एका रात्रीची बंदी पुरेशी नाही; अबकारीतला ठरावीक वाटा शहराच्या दवाखान्यांकडे आणि व्यसनमुक्तीकडे वळवला तर तिला काही मिळेल.

जाता जाता दहीहंडी. 2022 मध्ये सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा दिला. 2023 मध्ये पन्नास हजार गोविंदांचा विम्याचा हप्ता, माणशी 75 रुपये, सरकारनेच भरला. पोरांचा विमा उतरवला हे उत्तम झालं. पण लाखांची बक्षिसं लावून स्वतःचा फोटो हंडीपेक्षा मोठा छापणाऱ्या दादा-भाऊंना ते 75 रुपये जड झाले होते का? इथेही गर्दी विकली गेलीच आहे, गिऱ्हाईक तेवढं निवडणुकीतलं आहे.

तेव्हा मागणी तीन गोष्टींची आहे, आणि ती वाचकांनी आपापल्या नगरसेवकाकडे लेखी करावी. प्रत्येक जाहीर क्रीडासत्कारानंतर तीस दिवसांत पोलीस, सफाई, रुग्णवाहिका यांचा खर्च आणि तो कुणी भरला, हे महापालिकेने प्रसिद्ध करावं. बंदोबस्ताच्या शुल्कातली पूर्वलक्षी सवलत रद्द व्हावी. आणि बंदीच्या दिवसांचं परवाना शुल्क राज्याने परत करावं, म्हणजे बंदीची किंमत आदेश काढणाऱ्यांनाही मोजावी लागेल. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.