आजचे चिंतन : दिवसा तारे कुठे जातात?



आजचा श्लोक गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला, ६९ वा. सगळ्या जीवांची जी रात्र, तिच्यात संयमी जागा असतो; आणि सगळे जिथे जागे, ती त्या पाहणाऱ्या मुनीची रात्र. ऐकताना कोडंच वाटतं. म्हणून आज आभाळाकडे बघू.

तारे रात्रीच का दिसतात? लेकरू विचारतं आणि आपण सांगून टाकतो, रात्री उगवतात म्हणून. तसं नाही. भर दुपारीसुद्धा तारे डोक्यावर असतातच. सूर्याचा उजेड हवेत विखुरतो, अख्खं आभाळ निळं उजळतं आणि त्यापुढे ताऱ्याचा मंद प्रकाश डोळ्याला वेगळा काढता येत नाही. चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे ऊन पडलेलं असतानाही आभाळ काळंच. म्हणजे तारे झाकले ते अंधाराने नव्हे, उजेडाने!

आपलंही असंच होतं. सोयाबीनला भाव मिळाला, पोराला नोकरी लागली, की आपलाच उजेड एवढा पडतो की वरचं काही दिसत नाही. मुनीला आपला हा दिवस रात्र का वाटतो, ते इथे कळतं.

रात्रीची लाईन असली की हरभऱ्याला पाणी द्यायला आपला शेतकरी थंडीत बांधावर जातो. बॅटरी बंद केल्याबरोबर काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. मग मृगातल्या बाणाचे तीन तारे, खाली व्याध, वर तांबूस रोहिणी. व्याधाचा प्रकाश सुमारे साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला, रोहिणीचा सुमारे ६५. आजीने तेव्हा म्हटलेला हरिपाठ आज नातवाच्या कामी येतो, त्यातलाच हा प्रकार म्हणा ना.

(आभाळाचं निघालं की आपल्याला लोणार आठवतं. कथेत तिथे विष्णूने लवणासुर मारला. शास्त्रज्ञ सांगतात, आभाळातून आलेला दगड काळ्या पाषाणावर आदळून सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर झालं. दोन्ही ऐकावं. पण पडला तो तारा नव्हे. ‘तारा तुटला’ म्हणतो तेव्हाही खडकाचा बारीक कण हवेत जळत असतो.)

आता एक अवघड गोष्ट. ‘दुःखात देव दिसतो’ असं प्रवचनात सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. आषाढातल्या रात्री अंधार भरपूर असतो, तारा एक दिसत नाही, कारण ढग असतात. कर्जापायी ज्या घरातला कर्ता गेला, अशी घरं आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. त्या माउलीला ‘अंधारातच तारे दिसतात’ हे ऐकवायला जाऊ नका. तिच्या डोळ्यापुढे ढग आहे. तिच्या ओट्यावर जाऊन बसा, पेरणीला हात लावा, लेकरांच्या फीचं बघा. देव आहे की नाही हा वाद तिच्याशी घालू नका. ढगामागे तारे आहेत ते आहेतच, तिला आज दिसत नाहीत म्हणून ती अभक्त ठरत नाही.

आज रात्री अंगणातला बल्ब अर्धा तास बंद ठेवा, मोबाईल घरात राहू द्या, आणि वर बघत नाम घ्या. उद्या ७० वा श्लोक, समुद्राचा.