आधी हाताला लावून बघ

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात मी आईसाठी एक इलेक्ट्रिक मॅट मागवली. पायाखाली ठेवायची, उशीएवढी, राखाडी रंगाची. वरून मऊ कापड, एका बाजूने वायर आणि वायरीवर तीन बटणं. मी पुण्यात, आई मोहन्याला. ॲपमध्ये पत्ता टाकला, पैसे भरले, तिसऱ्या दिवशी पार्सल पोचलं.

"मिळालं गं," आई फोनवर म्हणाली. मग थोडं थांबून, "पण हे कसले लाड?"

तेव्हा मी हसून सोडून दिलं. पण तो प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यात आहे. कारण त्या मॅटमुळे आमच्या चाळीत एक वाईट गोष्ट घडली, आणि त्यात माझाही वाटा होता.

मोहने माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडली की आधी शहाड येतं, मग आंबिवली. तिथे उतरायचं. जवळून उल्हास नदी वाहते. एनआरसी ही रेयॉन बनवणारी कंपनी म्हणजे कित्येक वर्षं या गावाची ओळख होती. ती 2009 साली बंद पडली. मुंबईत लोक जानेवारीतही पंखा लावून झोपतात, तेव्हा इथे काही रात्री पारा 15 अंशांच्या खाली उतरतो. निफाडच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पण आमची घरं थंडीचा विचार करून बांधलेलीच नाहीत. खिडक्यांना फटी, खाली गुळगुळीत लाद्या आणि घरात चप्पल घालायची पद्धत नाही.

आईचे पाय नोव्हेंबर ते फेब्रुवारी गार असतात. डॉक्टरांना दाखवून झालं. रक्त, थायरॉइड, साखर, सगळं ठीक निघालं. काहींचे असतात तसे, एवढंच.

असतात, कारण शरीराचा हिशेबच तसा आहे. थंडी पडली की शरीर आधी हृदय, मेंदू, यकृत यांची ऊब राखतं. त्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडे जाणारं गरम रक्त कमी होतं. घरातल्या मोठ्या माणसांना आधी वाढायचं आणि उरलं तर आपण घ्यायचं, अशातला तो प्रकार. त्यात भर लादीची. खरं तर एकाच खोलीतली लादी आणि चटई यांचं तापमान सारखंच असतं. पण लादी पायातली उष्णता भराभर ओढून घेते, चटई घेत नाही. म्हणून लादी गार लागते. आपल्याला कळतो तो लादीचा गारवा नसतो, आपली ऊब किती वेगाने जाते आहे ते असतं.

तर, लाड. आईला आधी विजेच्या बिलाची काळजी असेल असं मला वाटलं. मी तिला फोनवर हिशेब करून दाखवला. मॅट 60 वॅटची. रोज रात्री 3 तास लावली तर 0.18 युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी रात्रीचे 1 रुपया 80 पैसे, महिन्याचे 54 रुपये. खोली तापवणारा 2000 वॅटचा हीटर तितकाच वेळ लावला तर महिन्याचे 1800 रुपये. पाय गार असतील तर पाय तापवावेत, पूर्ण खोलीतली हवा कशाला तापवायची? आपली बरीचशी वीज अजून कोळसा जाळून तयार होते. त्या बाजूनेही मॅटच शहाणपणाची.

"बरोबर आहे," आई म्हणाली. आणि मॅट कपाटात ठेवून दिली.

म्हणजे प्रश्न बिलाचा नव्हता.

जानेवारीत मी घरी गेले तेव्हा कळलं. माझे पाय गार लागले म्हणून तिने लगेच मॅट बाहेर काढली, माझ्या पायांखाली सरकवली, वरून गोधडी टाकली. स्वतः शेजारी लादीवर मांडी घालून लसूण सोलत बसली. "तू ठेव ना पाय." "मला नको. मला सवय आहे."

हीच बाई. आजीचे गुडघे दुखायचे तेव्हा चुलीवर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेक द्यायची. मावशी बाळंत झाली तेव्हा बाजेखालच्या शेगडीत निखारे आहेत का हे बघायला रात्री दोनदा उठायची. आम्हाला सर्दी झाली की तव्यावर ओवा गरम करून त्याची पुरचुंडी छातीला लावायची. आयुष्यभर तिने सगळ्यांना शेकलं. शेक देणं तिच्या मते लाड नव्हते, काम होतं. लाड कधी व्हायचे? तर शेक स्वतःला द्यायची वेळ आली की.

आपल्या घरांतला हा एक न लिहिलेला नियम आहे. ऊब दुसऱ्याने द्यायची, आपणहून घ्यायची नाही. आजारी माणसाला, बाळंतिणीला, म्हाताऱ्याला, पाहुण्याला ती मिळते, कारण कोणीतरी ती देतं. पण धडधाकट बाईने संध्याकाळी सातला, सगळी कामं पडलेली असताना, पाय गार पडले म्हणून बसून ते शेकायचे? त्यासाठी तिला आधी आजारी पडावं लागतं.

'श्यामची आई'मधला तो प्रसंग आठवतो ना? अंघोळ झाल्यावर श्यामला ओल्या तळव्यांना माती लागू द्यायची नसते, तेव्हा आई त्याच्या पायांखाली स्वतःचं लुगडं पसरते. शाळेत आम्हाला त्यावर प्रश्न यायचा, या प्रसंगातून काय शिकायला मिळतं? आम्ही लिहायचो की पाय जपतो तसं मन जपावं. त्या आईच्या पायांखाली कोणी काय पसरलं, हा प्रश्न मात्र एकाही परीक्षेत आला नाही.

इथे आईची बाजू नीट मांडायला हवी. तिच्याविरुद्ध जिंकणं सोपं आहे, आणि सोपं असतं ते बरोबर असतंच असं नाही. सहन करण्याच्या सवयीनेच तिचं घर चाललं. बाबा एका दुकानात हिशेब लिहायचे. महिन्याच्या वीस तारखेनंतर काय काय लांबणीवर टाकायचं, हे ती ठरवायची. ज्याला लहानसहान त्रास जाणवतच नाहीत, त्याच्याकडे मोठ्या त्रासासाठी ताकद उरते. आणि उलटंही खरं आहे. प्रत्येक गैरसोयीवर एक वस्तू मागवायची सवय लागली की गैरसोयी संपत नाहीत, आपण जास्त नाजूक होतो. माझ्याकडे पुण्यात मान दुखते म्हणून एक वस्तू आहे, डोळे थकतात म्हणून एक आहे. कुठलीही वापरून तीन महिन्यांवर झालेले नाहीत. आई हे बघते, आणि तिला 'लाड' हा शब्द सुचतो. तो चुकीचा नाही.

पण सहन करणं हा गुण केव्हा? माझ्या मते, त्या सहन करण्यातून कोणाला तरी काही मिळत असेल तेव्हा. आईने 2005 साली नवी साडी घेतली नाही, त्यातून माझी फी भरली गेली. त्या सोसण्याला अर्थ होता. आज तिचे पाय गार राहिल्याने कोणाचं काय भलं होतं? महिन्याला 54 रुपये वाचतात, आणि त्यांची आता कोणाला गरज नाही. कारण संपलं, सोसणं तेवढं उरलं. ती तशी नुसतीच उरली की तिला आपण गुण म्हणू नये.

शिवाय, आराम म्हणजे पाप असं आपली परंपरासुद्धा म्हणत नाही. पंढरपुरात आषाढीच्या गर्दीत विठ्ठल रात्रंदिवस दर्शनाला उभा असतो. त्या दिवसांत त्याचा पलंग काढून ठेवतात आणि पाठीशी लोड देतात. वारी आटोपली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, शिणवटा जावा म्हणून काढा दाखवतात. देवाचेसुद्धा उभं राहून पाय दुखतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं पण त्याचे पाय दुसरे चोळतात."

मला उत्तर सुचलं नाही.

तरी फेब्रुवारीत ती मॅट वापरायला लागली. फोनवर सांगितलं नाही, पण तिच्या आवाजावरून कळायचं. जेवणानंतर अर्धा तास, टीव्ही बघताना. मला फार बरं वाटलं. कोणाच्या उपकाराशिवाय, कोणी विचारण्याची वाट न बघता, एक बाई बटण दाबून आपले पाय गरम करते आहे. या यंत्राची ही बाजू मला आजही मोठी वाटते. ज्यांना शेकणारं कोणी नव्हतं, त्यांना आता कोणाची गरज नाही.

मग ते झालं. शेजारच्या काकांना वीस वर्षांपासून मधुमेह. रात्री पायांना मुंग्या येतात, पाय गार पडल्यासारखे वाटतात, झोप लागत नाही, असं काकूंनी आईला सांगितलं. आईने तिच्या स्वभावाप्रमाणे केलं. स्वतःची मॅट नेऊन दिली, वर सांगितलं की तिसऱ्या बटणावर छान ऊब येते. काका मॅटवर पाय ठेवून झोपले. सकाळी काकूंना त्यांच्या टाचेवर मोठा फोड दिसला. काकांना रात्रभर काही कळलं नव्हतं. ती जखम भरायला दोन महिने लागले. त्यांचं पाऊल वाचेल ना, अशी भीती मधले काही दिवस सगळ्यांनाच होती.

मधुमेहात पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात. म्हणून डॉक्टर तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून विचारतात, कळतंय का? अशा पायाला मुंग्या येतात, गार वाटतं, पण चटका कळत नाही. आणि भाजायला निखारा लागत नाही. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी 1947 साली दाखवलं होतं की 44 अंशांची वस्तूसुद्धा सुमारे 6 तास त्वचेला टेकून राहिली तर भाजते. 44 अंश म्हणजे हाताला नुसतं छान गरम लागेल इतकं. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षांच्या शेकाने तपकिरी जाळी उमटते, काहींना त्या जागी कर्करोगही होतो. मांडीवर लॅपटॉप ठेवून तासन् तास काम करणाऱ्यांच्या मांडीवरही तशी जाळी उमटल्याची उदाहरणं आहेत. मंद ऊब निरुपद्रवी वाटते, म्हणूनच आपण तिच्याकडे लक्ष देत नाही.

मॅटच्या खोक्यात एक कागद होता. मधुमेह असलेल्यांनी, पाय बधिर असलेल्यांनी वापरू नये, झोपताना लावू नये, असं त्यावर इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलं होतं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. मला येतं. मी तो कागद ॲपवरच्या फोटोत पाहिला होता आणि पुढचा फोटो सरकवला होता.

आई काकांच्या दारात जाऊन रडली. मला फोनवर म्हणाली, "मी आधी हाताला लावून बघायला हवं होतं. रात्री एकदा उठून बघायला हवं होतं. एवढं साधं कसं विसरले?"

ती वीट आजीच्या गुडघ्याला लावण्याआधी नेहमी स्वतःच्या गालाला लावायची. ओव्याची पुरचुंडी आधी मनगटावर. बाळाच्या अंघोळीचं पाणी आधी कोपराने. शेक देण्यात आच जितकी महत्त्वाची, तितकंच हे बघणं, आणि पुन्हा पुन्हा विचारणं, "चटका नाही ना बसत?" मॅटमध्ये आच होती. बघणारं कोणी नव्हतं. आईला वाटलं, यंत्र आहे म्हणजे बघायची गरज नाही. मला तर पार्सल मागवतानाच तसं वाटलं होतं. मी आईला ऊब पाठवली आणि मोकळी झाले.

मग यंत्र वाईट का? नाही. शेकणाऱ्या बायकांच्या आठवणीत रमून मॅट परत कपाटात टाकणं म्हणजे आईला पुन्हा लादीवर बसवणं. पण यंत्राने आपलं आच देण्याचं काम घेतलं, विचारण्याचं घेतलेलं नाही. ते आपल्याकडेच आहे, आणि ते पुण्याहून होत नाही.

त्या प्रकारानंतर आईने मॅट लावणं बंद केलं. "नकोच ते," म्हणाली. या डिसेंबरात मी सुट्टी काढून गेले. अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारी दुसरी मॅट घेऊन. तो कागद मराठीत लिहून काढला, मोठ्या अक्षरांत, आणि फ्रिजवर चिकटवला. काकूंनाही वाचून दाखवला. काका आता सुती मोजे घालतात, आणि काकू रोज रात्री त्यांचे तळवे हाताने तपासतात.

संध्याकाळी मी मॅट लावली, पाच मिनिटं थांबले, हाताचा उलटा पंजा टेकवून पाहिला. मग आईचे पाय उचलून त्यावर ठेवले. बर्फासारखे होते. तिने एकदा ओढून घेतले. मी परत ठेवले.

"लाड," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "चटका नाही ना बसत?"