श्रवणाचे ऋण

संगीतापासून मिळणारा आनंद हा सर्व आनंदांत निरुपद्रवी होय, अशी आपणां सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत आहे. धनवानास त्याने धन कोणाकडून मिळविले हे विचारता येते. जेवणाऱ्यास तो कोणाच्या श्रमाचे अन्न खातो हेही विचारता येते. परंतु गाणे ऐकणाऱ्यास कोणी काय विचारावे? त्याने ऐकले म्हणून गाणाऱ्याचे काही उणे होत नाही. सूर वाटल्याने सरत नाही. ही समजूत वरवर पाहता बिनतोड दिसते. ती कितपत टिकते हे येथे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. त्यासाठी जे संगीत निवडले आहे, ते आमच्या अनेक वाचकांच्या घरांत मुलांच्या हौसेमुळे शिरलेले, पण वडील मंडळींच्या कपाळास आठी घालणारे असे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ब्लूज नावाचे गाणे आणि त्याच्या पोटी जन्मलेले रॉक संगीत, हे ते होय.

पूर्वी हे संगीत ऐकावयाचे तर तबकड्या पाहिजेत, आणि तबकड्यांसाठी मुंबईची वाट धरली पाहिजे. काळा घोड्याजवळचे ऱ्हिदम हाऊस हे अशा रसिकांचे तीर्थक्षेत्र होते. ते 2016 साली बंद झाले. आता औशासारख्या तालुक्याच्या गावी, किल्ल्याच्या तटाजवळ राहणारा विद्यार्थीही शंभर वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणे खिशातल्या फोनवर ऐकू शकतो. असे विद्यार्थी कधी कधी आम्हांस विचारतात की, इतक्या अफाट राशीतून ऐकण्याजोगे संग्रह कोणते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा अभिरुचीच्या अंगाने दिले जाते. आमच्या मते त्यास नीतीचेही एक अंग आहे.

ब्लूज म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेत 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु दक्षिणेकडील कापसाची शेते ज्यांची होती त्यांचीच राहिली. मुक्त झालेला गुलाम तीच शेते बटईने कसू लागला, आणि हंगामाच्या शेवटी मालकाच्या दुकानचा हिशेब झाला म्हणजे त्याच्या हाती बहुधा कर्जच उरे. हा हिशेब मराठवाड्यातील वाचकास फोड करून सांगण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या लोकांत जे गाणे रूपास आले ते ब्लूज. त्याची घडण साधी असते: एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे, हे सारे सामान्यतः बारा मात्रागटांत बसवावयाचे. विषय म्हणाल तर उपासमार, परागंदा होणे, दूर जाणारी आगगाडी आणि तुटलेले प्रेम.

आता पहिली शंका अशी की, दुसऱ्याच्या दुःखाचे गाणे ऐकून आपणांस सुख व्हावे हे योग्य आहे काय? या शंकेचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. भरतमुनींनी करुणास रसांत स्थान दिले, आणि भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धांत मांडून त्या रसापासून आनंद का होतो याचा उलगडा केला. रंगभूमीवरील सीतेचा शोक हा अमुक एका स्त्रीचा शोक राहत नाही. तो सर्वांचा होतो, म्हणून तो कोणासच बोचत नाही. उत्तररामचरित पाहून रडणारा प्रेक्षक निर्दय नव्हे, तो सहृदय होय.

हे उत्तर नाटकापुरते पुरेसे आहे. परंतु ध्वनिमुद्रणाने एक नवी अडचण उत्पन्न केली. सीतेची भूमिका करणारी नटी खेळ संपल्यावर रंग पुसून घरी जाते, आणि तिचे वेतन तिला मिळते. तबकडीवर जो कंठ ऐकू येतो तो एका विवक्षित मनुष्याचा असतो. त्यास नाव आहे, गाव आहे, पोट आहे. त्याच्या गाण्याचे साधारणीकरण होता होता तो मनुष्यही साधारण होऊन नाहीसा झाला, तर तो रसाचा व्यापार नव्हे, विस्मरणाचा व्यापार होय.

हे केवळ तर्काने म्हणतो असे नाही. बेसी स्मिथ या गायिकेची ध्वनिमुद्रणे 1923 पासून निघू लागली आणि तिच्या तबकड्या लाखांनी खपल्या. 1937 साली मोटारीच्या अपघातात ती वारली. तिला पुरले त्या जागी पुढे 33 वर्षे तिच्या नावाचा साधा दगडही नव्हता. तो 1970 साली बसला. त्याचा खर्च जॅनिस जॉप्लिन ही गोरी रॉक गायिका आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या वनिता ग्रीन या दोघींनी सोसला. रॉबर्ट जॉन्सन याने 1936 व 1937 साली टेक्सासमध्ये अवघी 29 गाणी मुद्रित केली आणि 1938 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो मरण पावला. त्याचा संग्रह 1961 साली निघाला; तो ऐकून इंग्लंडातील तरुण वेडे झाले, आणि त्याच्या गाण्यांवर त्यांनी जगभर लौकिक मिळविला. लेड झेपेलिन या विख्यात मंडळीने 1969 साली गाजविलेल्या एका गीताचे शब्द आपल्या गीतावरून उचलले आहेत, असा दावा विली डिक्सन या वृद्ध ब्लूजकाराने 1985 साली लाविला. तो 1987 मध्ये आपसात मिटला, आणि पुढील आवृत्त्यांवर त्याचे नाव आले. गाणे सर्वांच्या ओठी, आणि कर्त्याचे नाव अठरा वर्षांनी तबकडीवर, असा हा प्रकार.

यावर कोणी म्हणेल, नावाने सुरात काय फरक पडतो? कर्ता कोणीही असो, षड्ज तो षड्जच. हा आक्षेप हलका नाही; पण त्याचे उत्तर आमच्या गावच्या परंपरेतच आहे. औसा येथील नाथ संस्थानाचे चक्रीभजन प्रसिद्ध आहे. ते काय किंवा कोणत्याही गावचे साधे भजन काय, म्हणणारा कोणीही असला तरी अभंगाच्या अखेरीस ज्याचा अभंग त्याचे नाव घेतल्यावाचून अभंग पुरा होत नाही. ही नाममुद्रा काढून अभंग म्हणणे कोणाच्या मनातही येत नाही. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिच्याजवळ ना द्रव्य, ना कुळ; तरीही साडेसहाशे वर्षे तिचे नाव तिच्या शब्दांपासून कोणास तोडता आले नाही. संतांनी ही रीत कशासाठी घातली याचे निरनिराळे अर्थ लाविले जातात. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की मराठी श्रोत्यास ऐकता ऐकताच ऋण मान्य करण्याची सवय लागली. ब्लूजच्या गाणाऱ्यास अशी मुद्रा लाभली नाही. त्याचे नाव तबकडीच्या कागदावर राहिले, आणि कागद बदलणे सोपे असते.

मात्र एवढ्याने आपण अमेरिकेच्या पापाचा पाढा वाचून स्वस्थ बसावे, असे नाही. ज्या जात्यावर जनाबाई दळली त्याच जात्यावर आपल्या आज्या-पणज्या दळल्या आणि गायिल्या. त्यांच्या ओवीस नाममुद्रा नव्हती. आपण त्या ओव्या ‘लोकगीत’ किंवा ‘पारंपरिक’ या शब्दांखाली पुस्तकांत छापल्या आणि गायनाच्या कार्यक्रमांत म्हटल्या. ‘पारंपरिक’ हा शब्द दिसण्यास आदराचा आहे. पण पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की, ही बाई कोण होती हे कोणी विचारले नाही. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी 1952 साली ग्रंथरूपाने निघाली, कारण त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. ज्या बायांचे पुत्र कवी नव्हते, त्यांचे काय झाले?

या प्रश्नास कृतीने उत्तर देणारे लोकही आपल्याकडे निघाले, ही समाधानाची गोष्ट होय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या, आणि कित्येकींचे आवाज मुद्रित केले. पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या प्रसिद्ध करताना गाणारीचे नाव व गाव जोडून दिले. त्यामुळे परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांची 1996 साली मुद्रित झालेली ओवी आज ऐकताना ती कोणा एका ‘ग्रामीण स्त्रीची’ राहत नाही. ती गंगूबाईंची असते. सूर तोच, पण ऐकणारा बदलतो.

आता दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. ऋण मानावयाचे म्हणून गाणाऱ्याची कीव करीत बसणे हा त्याचा अपमान होय. ब्लूज हे रडगाणे नव्हे. त्यात थट्टा आहे, टोमणे आहेत, अहंकार आहे आणि मोठे कारागिरीचे ज्ञान आहे. जात्यावरची ओवीही सासुरवासाइतकीच माहेरच्या मिरवणुकीत रमते. 1941 साली ॲलन लोमॅक्स याने मिसिसिपीतील स्टोव्हॉलच्या मळ्यावर मडी वॉटर्स या मजुराचे गाणे सरकारी ग्रंथालयासाठी मुद्रित केले. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकून त्यास आपल्या योग्यतेची खात्री पटली, असे तो पुढे सांगत असे. 1943 मध्ये तो शिकागोस गेला, आणि विजेच्या गिटारीवर त्याने जे वाजविले त्यातून पुढील रॉक संगीताचा पाया घातला गेला. ‘रोलिंग स्टोन्स’ या मंडळीने आपले नाव त्याच्याच एका गीतावरून घेतले. या मनुष्यास दया नको होती. कलावंत म्हणून मान आणि कामाचे मोल हवे होते. श्रोत्याने द्यावयाचे तेही हेच.

तेव्हा ऐकण्याजोगा संग्रह कोणता, यास आमचे उत्तर असे. ज्यात गाणारा कोण, गाणे कोणाचे, ते केव्हा आणि कोठे मुद्रित झाले हे सांगितले आहे, तो संग्रह प्रथम ऐकावा. नवी रॉक मंडळी आवडली तर अवश्य ऐकावी. मात्र त्यांनी ज्यांच्यापासून घेतले त्यांच्यापर्यंत एकदा तरी उलट चालत जावे. बेसी स्मिथ, रॉबर्ट जॉन्सन व मडी वॉटर्स या तिघांपासून आरंभ केल्यास वाट चुकणार नाही. नाव नसलेले गाणे आवडले तर नाव शोधावे, आणि कर्ता किंवा त्याचे वारस हयात असतील तर त्यांच्या पदरी काही पडेल अशा रीतीने ते विकत घ्यावे.

आपल्या धर्मशास्त्राने मनुष्यावर देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. ती जन्मतःच लागतात, मागितली म्हणून नव्हे. श्रवणाचे ऋणही याच जातीचे आहे. ते फेडण्यास आपल्या मध्यम स्थितीतील कुटुंबांस फारसा खर्चही येत नाही. घरात अजून एखादी वृद्ध आजी असेल, तर यंत्र बंद करून तिला तिची ओवी म्हणावयास सांगावी, ती लिहून घ्यावी, आणि खाली तिचे नाव घालावे.