मारबतीचा आवाज

नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत पाचवीत एक मुलगा होता. हजेरीला त्याचं नाव आलं की ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. मग शेजारचा पोट्टा त्याच्या वतीने ‘उपस्थित’ म्हणून ओरडायचा. बाई आधी रागावल्या, मग त्यांना सवय झाली. ही सवय रागावण्यापेक्षा वाईट. कारण ‘तो लाजतो हो’ असं एकदा ठरलं, की त्या मुलाला कुणी काही विचारतच नाही आणि तोही मग न बोलण्यातच तरबेज होत जातो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मराठीचे सर बाजारात गेले होते. अंबिया बहाराची संत्री उतरली होती, हातगाड्यांवर ढीगच्या ढीग. एका गाडीवरून म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला, “या माय, चाखून पाहा! आंबट निघालं तं पैसे नका देऊ!” सर वळले. म्हातारी तर बाजूला पोत्यावर बसून बशीतून चहा पीत होती. ओरडत होता तिचा नातू, तोच पाचवीतला मुलगा, हुबेहूब आजीच्या सुरात, आजीसारखाच एक हात कमरेवर ठेवून. सरांना पाहिलं आणि त्याचा आवाज जागीच विरला. सरांनी दोन डझन संत्री घेतली, थोडी घासाघीस केली आणि त्या आवाजाबद्दल अवाक्षर न काढता निघून गेले. हे न बोलणं फार मोलाचं. दुसऱ्या एखाद्याने तिथेच “अरे वा, इथे बरा बोलतो!” म्हणून पोराला कायमचं गप्प केलं असतं.

डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं. सरांनी नाटुकलं लिहिलं ते मारबतीवर. नागपूरकराला मारबत सांगायला नको, इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन अवाढव्य पुतळ्यांची मिरवणूक शहरातून निघते. काळीची प्रथा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. रोगराई, इडापिडा सगळी घेऊन जा, असं ओरडत लोक त्यांना गावाबाहेर नेतात आणि जाळतात. सोबत बडगे नावाचे पुतळे असतात, त्यांच्यावर त्या त्या वर्षीच्या महागाईचा, भ्रष्टाचाराचा राग निघतो. सरांच्या मनात आलं, इतकी वर्षं ही बाई मुकाट्याने ऐकून घेते आहे. ती बोलली तर?

बांबूच्या कामट्या, जुनी वर्तमानपत्रं आणि कुणाच्या तरी आईचं पिवळं लुगडं यांतून दहा फुटी मारबत उभी राहिली. आत एक मूल बसेल एवढी पोकळी ठेवली होती. सरांनी त्या मुलाला बोलावलं.

“मले नाही जमत सर.”

“तू नको बोलू. तुही आजी बोलू दे.”

तालमीची सरांची एकच रीत होती. ते शेवटच्या बाकावर बसायचे आणि ऐकू आलं नाही की हात वर करायचे. रागावणं नाही, शाबासकीही नाही, नुसता हात. चार दिवसांनी ते व्हरांड्यात जाऊन बसले. नंतर मैदानाच्या पार टोकाला, कडुनिंबाखाली. मुलगा लुगड्याच्या भोकातून त्यांचा हात पाहायचा आणि आवाज चढवायचा.

एकदा त्याने विचारलं, “सर, लोक हसले तं?”

सर म्हणाले, “मुंबईच्या कोर्टात एक तरुण वकील उलटतपासणीला उभा राहिला होता. डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसला आणि घेतलेली तीस रुपये फी परत केली. मग तो आफ्रिकेत गेला. तिथे आपल्या लोकांचे हाल होऊन राहिले होते. प्रिटोरियात त्यानं सगळ्यांना गोळा केलं आणि आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं. तोच माणूस डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपुरात, काँग्रेसच्या अधिवेशनात, हजारो प्रतिनिधींपुढे स्वराज्याच्या ध्येयाचा ठराव मांडायले उभा राहिला. काँग्रेसनगर म्हणतो ना आपण, ते नाव त्या अधिवेशनावरूनच पडलं.”

“गांधीजी?”

“हो. कोर्टात त्याले स्वतःचं नाव काढायचं होतं. प्रिटोरियात लोकांचं गाऱ्हाणं सांगायचं होतं.”

मुलाला हे कितपत कळलं, कोण जाणे. त्याने मान हलवली आणि आत जाऊन बसला.

संमेलनाच्या दिवशी मंडप भरला होता. पोरांनी एकेक करून आपापली इडापिडा मारबतीपुढे आणून टाकली. डासांची, लोडशेडिंगची, गृहपाठाची. आता मारबतीने बोलायचं. माईक तिच्या पोटात ठेवला होता, तो खरखरला आणि ऐन वेळी बंद पडला. कागदाच्या थरांनी मुलाचा आवाज गिळून टाकला. मागून ओरडा सुरू झाला, “आवाज! ऐकू नाही येऊन राहिलं!”

भोकातून त्याने पाहिलं. मंडपाच्या शेवटी, गर्दीच्या वर, सरांचा हात.

लुगडं बाजूला सारून तो बाहेर आला. दहा फुटी मारबतीच्या पायाशी चड्डीतलं एवढंसं पोर, केसांत कागदाचे कपटे. मंडपात हशा उसळला. तो क्षणभर थिजला. सरांचा हात अजून वरच होता.

एक हात कमरेवर गेला. “हसून काय राहिले बे? खोकला माह्यावर, महागाई माह्यावर, नालीतला कचराबी माह्यावर! दरसाल मले जाळून घरी जाता अन् दुसऱ्या दिवशी त्याच नालीत पन्न्या फेकता. मी एकटी किती नेऊ?”

पहिली दोन वाक्यं सरांची होती, पुढचं सगळं त्याचं. लोक पुन्हा हसले, पण या वेळी वाक्याला हसले, आणि हा फरक त्याला तिथल्या तिथे कळला असावा, कारण हशा ओसरेपर्यंत तो थांबला. सरांचा हात खाली कधी आला, हे त्याने पाहिलंच नाही. तिसऱ्या रांगेत आजी शेजारणीला सांगत होती, “पाहा वो, माह्याच आवाजात मलेच बोलून राहिला! कालच म्या पन्नी फेकली होती.”

दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याने ‘उपस्थित’ म्हटलं. पुटपुटलाच, पण स्वतः म्हटलं. शेजारच्या पोट्ट्याला जरा चुकल्यासारखं झालं.

सरांनी त्याला गाठून विचारलं, “भीती गेली का रे बाबू?”

“नाही सर. पाय लय कापत होते.”

“मग बाहेर काऊन आला?”

“मागच्यांले ऐकू नव्हतं येऊन राहिलं ना.”

सरांनी २६ जानेवारीच्या भाषणांची यादी पुढे केली. तो बराच वेळ वाचत राहिला, मग म्हणाला, “नाव लिवा. पण तुम्ही मांग उभं राहाचं.”