स्मृती आणि स्मरण

संबंध तुटतो, पण आठवण तुटत नाही. मृत्यूने दुरावलेल्या माणसाचे दुःख काळाबरोबर निवत जाते. जिवंतपणी दुरावलेल्याचे तसे होत नाही. नाशिकच्या शिवारात सामाईक द्राक्षबागेची वाटणी होते, मध्ये बांध पडतो आणि भाऊ भावाच्या दारी जाईनासा होतो. काडीमोड होऊन लेक माहेरी परतते. कागदोपत्री प्रकरण मिटते. मनात मात्र त्याची सुनावणी चालूच राहते. या आठवणींचे साधकाने काय करावे?

विसरून जावे, असे सहज सांगितले जाते. श्रीचक्रधर स्वामींच्या आचारोपदेशात स्वदेश, स्वग्राम आणि आप्तजन यांच्या संबंधाचा त्याग सांगितला आहे, त्याचाही कोणी असाच अर्थ करतात. परंतु तेथे त्याग सांगितला आहे तो संबंधाचा, म्हणजे 'हे माझे' या हक्काचा. आठवण हुकमाने पुसली जात नाही. हक्क मात्र विचाराने सोडता येतो.

या बाबतीत आद्य अनुयायांचे आचरण पाहण्याजोगे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. मागे राहिलेल्यांना तो वियोग असह्य झाला. श्रीनागदेवाचार्य आणि इतर भक्त रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे म्हाइंभटांनी आचार्यांच्या साहाय्याने स्वामींच्या लीळा मिळविण्यास आरंभ केला. ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्यापाशी जाऊन विचारले. त्या परिश्रमातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे श्रीप्रभूंचाही वियोग घडला. त्यांचे चरित्रही म्हाइंभटांनीच सिद्ध केले. वियोगाच्या दुःखाने आठवण गढूळ होऊ न देता त्यांनी तिला सेवेचे रूप दिले.

परमेश्वराचा वियोग आणि जीवाजीवांचा वियोग यांत महदंतर आहे. तथापि आठवण कशी राखावी, याची रीत येथून घेता येते. एकच लीळा दोघांनी निरनिराळी सांगितली, तर पोथीत तो भेद 'वासना' म्हणून नोंदलेला आढळतो. एकाला खरे ठरविण्यासाठी दुसऱ्याचे सांगणे खोडलेले नाही. एरवी वासना हा शब्द आसक्तीचा वाचक. येथे तो स्मृतीतील भेदाचा वाचक आहे.

बांधाच्या दोन्ही बाजूंच्या भावांना वडिलांचे शब्द वेगवेगळे आठवतात. थोरल्याला 'तू सांभाळ' हे आठवते, धाकट्याला 'दोघांचे सारखे' हे आठवते. कदाचित वडील दोन्ही बोलले असतील. आपल्याजवळ आहे ती एक वासना, संपूर्ण वृत्तांत नव्हे, एवढे ज्याला उमगले, त्याच्या मनातील सुनावणी थांबू लागते. समोरचाही आपल्यासारखाच अविद्येने बद्ध जीव आहे, हे मग केवळ शास्त्रवचन राहत नाही.

मात्र याचा अर्थ अन्यायावर पांघरूण घालावे असा नव्हे. जिला घरात मार सोसावा लागला, तिने त्याला प्रेम म्हणू नये. परत जावे असेही शास्त्र सांगत नाही. घडले ते घडले तसेच सांगावे, वाढवू नये, लपवू नये. त्याचबरोबर त्या घरात कोणी मायेने वाढलेले ताट आठवले, तर तेही नाकारू नये. सूडासाठी राखलेली आठवण आणि सत्यासाठी राखलेली आठवण बाहेरून सारखीच दिसते. पहिली बांधते, दुसरी मोकळे करते.

नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांच्या स्मरणाला पंथात मोठे स्थान आहे. स्मरणास बसले असता तुटलेल्या नात्याची आठवण मध्ये येतेच. तिच्याशी भांडू नये, तिच्यामागे जाऊही नये. ती आली हे जाणून चित्त पुन्हा नामाकडे न्यावे. हे एका दिवसाचे काम नव्हे.

नाशिक-त्र्यंबक परिसरातही स्वामींच्या परिभ्रमणाची स्थाने आहेत. जेथे स्वामी बसले, तेथे ओटा बांधलेला असतो. भक्त तेथे दंडवत घालतो, क्षणभर थांबतो आणि आपल्या वाटेने पुढे जातो. ओट्यावर कोणी घर बांधत नाही. संपलेल्या नात्याच्या आठवणीपाशीही साधकाने एवढेच थांबावे.